शेजाऱ्याची भिंत

वाड्याचा विषय निघाला की दिंडी दरवाजा, नक्षीचे खांब आणि चौकातली तुळस एवढ्यावरच गाडी थांबते. मला आज बोलायचे आहे ते दोन घरांच्या मधल्या भिंतीबद्दल.

आपले नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, निजामशाहीत वसले. १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला, १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला. गल्ल्यांतले उरलेसुरले वाडे बहुतेक पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या अमदानींतले. माळीवाड्याकडून दिल्ली दरवाज्याकडे आतल्या रस्त्यांनी चालत जा. घरे एकमेकांना लागून उभी. रस्त्यावर तोंड चार-पाच खणांचे. आत मात्र देवडी, ओसरी, चौक, माजघर, परसू. डाव्या-उजव्या अंगाला खिडकी नाही, कारण तिथे शेजारी आहे. उजेड-वारा घ्यायचा तो चौकातून, वरून. चौक ही श्रीमंतीची हौस नव्हे.

बांधणी कशी? काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, तुळया, कड्या. मधल्या जागेत चुन्यात बसवलेल्या चपट्या विटा. ऐपत नसेल तिथे पांढऱ्या मातीचे भेंडे. घर दिसते विटांचे, पण भार बराचसा लाकडावर. म्हणून तर वाडा पाडायला निघाला की आधी सागवानाचे गिऱ्हाईक दारात. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. नगरचा पाऊस बेताचा, तेव्हा मृगाआधी मातीचा थर दिला की भागते. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या, धो धो पावसाच्या रतनवाडीला कोणी माळवद टिकवून दाखवावे!

आता त्या मधल्या भिंतीकडे येऊ. लंडन १६६६ मध्ये जळाले आणि पुढच्याच वर्षी मधली भिंत विटांची वा दगडाची, अमुक जाडीची हवी, असा कायदा झाला. आपल्याकडे जुनी खरेदीखते काढा. चतुःसीमेत ‘सामाईक भिंत’ सापडेल.

ही भिंत पाऊस सोसायला बांधलेलीच नसते. तिला बाहेरचा गिलावा नाही, वर वळचण नाही. शेजारचा वाडा पाडला की ती उघडी पडते. दोन पावसाळ्यांत माती धुपते, भिंतीत रोवलेली तुळईची टोके भिजून कुजतात, माळवद खचते. मग ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस येते आणि लोक म्हणतात, जुने झाले होते हो! वय झाले म्हणून नव्हे, पाठ उघडी पडली म्हणून ते घर गेले.

वारशाच्या याद्या एकेक वाडा मोजतात. माझ्या मते अख्खी ओळ मोजायला हवी. तोवर निदान एवढे करा: पाडकामाच्या परवानगीतच शेजारच्या उघड्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर फरशीचे झाकण, हा खर्च पाडणाऱ्याच्या नावे लिहून घ्या. सिमेंट थापू नका; आतली ओल त्यात कोंडते. आणि नव्या इमारतीचा पाया खणायचा तो उन्हाळ्यात, शेजाऱ्याच्या तुळयांना टेकू दिल्यावरच.