सलाफहादाच्या पाच मुली

आज आम्ही पाच बहिणींची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या नगर जिल्ह्यात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. आज कितीतरी घरांत बायबल आहे. रूथ, एस्तेर, मरीया ही नावं ठाऊक असतात. पण महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ही नावं चर्चला जाणाऱ्या बायांनाही चटकन आठवत नाहीत. आमच्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत आणि ही गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे, कारण ती जमिनीची आहे.

बायबलच्या 'गणना' या पुस्तकात ती येते. इस्राएल लोक मिसर देशातून निघून रानात फिरत होते. नव्या देशात जमीन वाटायची म्हणून मोजणी झाली, ती वीस वर्षांवरच्या पुरुषांची. सलाफहाद रानातच वारला होता. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. म्हणजे त्या घराला जमीन मिळणार नव्हती.

पाची जणी उठल्या आणि मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या पुढाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या, असं त्यांनी सांगितलं. मोशेने ते देवापुढे ठेवलं. मुलींचं म्हणणं बरोबर आहे, असं उत्तर आलं आणि मुलगा नसेल तिथे मुलीला वारसा, असा नियमच झाला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे भाऊबंद आले. या दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन बाहेर जाईल, म्हणाले. मग आपल्याच वंशात लग्न करण्याची अट आली. ती त्यांनी पाळली. त्यानंतर मोशे वारला. जमीन वाटायची वेळ आली तेव्हा या बहिणींना यहोशवापुढे जाऊन पुन्हा आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कुठे वाटा हातात पडला.

मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना? हुकूम होणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव लागणं वेगळं.

आपला कायदा तर त्या नियमाच्याही पुढे गेला आहे. भाऊ असला तरी मुलीला हिस्सा आहे. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत 2005 पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो जन्मापासूनचा आहे, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलगा-मुलगी समान.

तरी गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, सातबाऱ्यावर किती जणींचं नाव आहे, तेव्हा थोडेच हात वर येतात. बाई खुरपते, कांदा काढते, गाईचं दूध डेअरीला घालते. पण पीककर्जाला सातबारा लागतो, तिथे ती शेतकरी ठरत नाही. माहेरचा हिस्सा मागितला तर दादाचं मन मोडेल, माहेर तुटेल, ही भीती असते. ती भीती खोटी नाही. दिवाळीची साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीत येतं, हे आपण पाहतो.

हक्क सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिने ठरवावं. पण कागद वाचून ठरवावं. न वाचता सही नको, कोऱ्या कागदावर अंगठा नको. वडील वारले की वारस नोंदीत सगळ्या मुलींची नावं आली का, ते बघावं. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस असतात. अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि एकटीने जाऊ नका. त्या बहिणी पाच होत्या, म्हणून त्यांना अख्ख्या मंडळीपुढे तोंड उघडता आलं. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मुद्दा मांडला आणि मिळेपर्यंत सोडला नाही. आपल्या गटात तर आपण दहा-बारा जणी आहोत. पुढच्या बैठकीला येताना घरचा सातबारा घेऊन या. बचतीचा हिशेब झाला की सगळ्या मिळून एकेक वाचू.