तपकिरी बदकांना ओळखायचे कसे?



हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी तलावाच्या बांधावर उभे राहा. वडोद्याजवळचे वढवाणा असो, इंदूरचे सिरपूर असो, नाहीतर नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर. पाण्यावर शेकडो पक्षी तरंगत असतात. थापट्याची फावड्यासारखी चोच आणि तलवार बदकाचे लांब टोकदार शेपूट पहिल्याच दिवशी ओळखता येते. काळाभोर, पांढऱ्या कपाळाचा वारकरीही कळतो. तो तर बदकच नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. अडचण येते ती यांच्या मधल्या गर्दीत. तपकिरी, खवल्याखवल्यांची, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी बदके. आज त्यांच्याबद्दल बोलू.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या पहिल्याच पक्षिगणनेत समोर दोनेकशे लहान तपकिरी बदके होती. त्यांच्यात चार-पाच चक्रांग नर स्पष्ट दिसत होते: तांबूस डोके, डोळ्यावर हिरवा पट्टा. बाकीच्या त्यांच्या माद्याच असणार, असे धरून मी वहीत ‘चक्रांग, 200’ लिहून मोकळा झालो. थोड्या वेळाने वरून एक शिकारी पक्षी गेला आणि थवा उठला. सोबतच्या मित्राने फोटो काढले. संध्याकाळी ते मोठे करून पाहिले, तर कितीतरी पक्ष्यांच्या पंखांचा पुढचा भाग फिकट निळसर-करडा होता. ते चक्रांग नव्हतेच. ती भुवई बदके होती, म्हणजे गार्गनी. आणि ज्यांना मी माद्या समजलो, ते नर होते!

असे का होते? वीण संपली की बहुतेक जातींचे नर आपला झगमगीत पिसारा टाकतात आणि मादीसारखे मळकट दिसू लागतात. याच काळात त्यांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी साधा रंगच अंगावर असलेला बरा. आपल्याकडे उत्तरेतून पाहुणे येतात तेव्हा बरेच नर याच वेषात असतात. बहुतेकांचा नवा पिसारा हिवाळ्यात लवकर येतो. भुवई बदकाचा नर मात्र जानेवारी उलटेपर्यंत साध्या कपड्यांत राहतो.

पण पंखांची मोठी पिसे वर्षातून एकदाच बदलतात. अंगाचा रंग फसवतो, पंख फसवत नाही. पंखाच्या मागच्या कडेला एक चकचकीत पट्टा असतो, त्याला स्पेक्युलम म्हणतात. गॅडवॉलचा पट्टा पांढरा असतो. मॅलार्डचा निळा-जांभळा, दोन्ही बाजूंना पांढरी किनार असलेला. हळदी-कुंकू बदकाचा हिरवा. एवढे पाठ असले तरी तीन मोठी तपकिरी बदके वेगळी होतात.

पंख मिटलेला असेल तर चोच पाहा. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोकाला हळद, कपाळापाशी कुंकू. नावातच ओळख आहे. गॅडवॉलच्या मादीच्या चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी असतात, मधला कणा गडद. तलवार बदकाच्या मादीची चोच करडी आणि मान लांब, सडपातळ.

आता माझे ते दोघे, चक्रांग आणि भुवई बदक. चेहरा पाहा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर पट्टे ठळक असतात: फिकट भुवई, डोळ्यातून गेलेली गडद रेघ, गालावर आणखी एक पुसट रेघ, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा, चोच लहान. तिच्या शेपटीच्या मुळाशी बाजूला एक फिकट रेघ असते. ती भुवई बदकाला नसते. ही रेघ बसलेल्या पक्ष्यातही दिसते.

यानंतर बुड्या मारणारी बदके. ती पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेले, आणि उडताना पाण्यावरून धावत जातात. चक्रांगासारखी जागच्या जागी उसळत नाहीत. यांच्यातली चूक जास्त महाग पडते. फेरुजिनस डक हे गडद तांबूस बदक, शेपटीखाली लख्ख पांढरे. शेंडी बदकाच्या मादीलाही कधी कधी शेपटीखाली पांढरे असते, पण तिचा डोळा पिवळा असतो. फेरुजिनस नराचा डोळा पांढरा, मादीचा तपकिरी. आणि यांच्यासारखेच दिसणारे बेअर्स पोचार्ड, जे ईशान्य भारतात हिवाळ्यात क्वचित येते. नराच्या डोक्यावर हिरवी झाक असते, आणि बगलेचा पांढरा भाग पाण्याच्या रेषेवर चढलेला दिसतो. जागतिक यादीत फेरुजिनस ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ आहे. बेअर्स 2012पासून ‘अत्यंत संकटग्रस्त’ आहे. एका चुकीच्या नोंदीने नसलेला पक्षी कागदावर जगतो, किंवा असलेला पक्षी कागदावरून नाहीसा होतो.

गणनेचे महत्त्व इथेच आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987पासून दर जानेवारीत होते आणि ती बहुतांशी आपल्यासारख्या हौशी लोकांच्या डोळ्यांवर चालते. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत येण्याचा एक निकष असा आहे, की तिथे एखाद्या जातीच्या समूहातले किमान एक टक्का पक्षी नियमित यावेत. निकष जातीचा आहे. ‘बदके, पाच हजार’ या नोंदीने तो पुरा होत नाही. उद्या त्या तलावावर भराव पडायची वेळ आली, तर तुमची वही पुरावा म्हणून लागू शकते.

म्हणून शेवटची गोष्ट. खात्री नसेल तर ‘बदक, जात कळली नाही, 40’ असे लिहा. त्यात कमीपणा नाही. ती नोंद खरी आहे. माझी ‘चक्रांग, 200’ खोटी होती.

पुढच्या रविवारी एवढेच करा. सगळा तलाव मोजू नका. एकच तपकिरी बदक निवडा आणि दुर्बीण त्याच्यावरून हलवू नका. चोच पाहा, चेहरा पाहा, शेपटीचे मूळ पाहा आणि थांबा. पिसे साफ करता करता ते कधीतरी आळस देईल, एक पंख लांब ताणेल. त्या दोन सेकंदांत तो पट्टा दिसेल. तो पाहा, आणि मगच वहीत नाव लिहा.