बदली, बिदागी आणि डिग्री

(मंडळाच्या 'गप्पांची संध्याकाळ' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना कमिटी सगळ्यात आधी काय बघते? पंचांग? छे! विद्यापीठाच्या फुटबॉलच्या होम गेम्सचं वेळापत्रक. त्या शनिवारी गावात ना गाडी लावायला जागा, ना हॉल. थोडक्यात काय, इथे बाप्पासुद्धा फुटबॉलला विचारून येतात. तेव्हा मी आज या विषयावर बोलले तर ते विषयांतर समजू नये!

मला स्वतःला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मॅच बघतात ते आमचे 'हे'. माझा संबंध वेगळा. गेली बावीस वर्षं मी इथल्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खेळाडूंच्या अभ्यासिकेत शिकवणी घेते. त्यातल्या दोन मुलांविषयी मला सांगायचं आहे. नावं सांगणार नाही. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा.

थोरला २०१६ साली आला. लाइनमन, म्हणजे सगळ्यात पुढे उभं राहून धक्काबुक्की करणारा. खुर्चीत मावेना, पण बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. आधीच्या विद्यापीठात ज्या कोचच्या शब्दावर तो गेला होता, तो कोच वर्षभरात जास्त पगारावर दुसरीकडे गेला. नवीन कोचने सांगितलं, तुला इथे खेळायला मिळेल असं वाटत नाही. म्हणून हा इकडे आला. पण तेव्हाचा नियम असा, की फुटबॉलच्या खेळाडूने विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं. सराव करायचा, पण मॅच नाही. शिवाय जुन्या विद्यापीठाकडून एक प्रकारचा ना-हरकत दाखला लागे. तो नसेल तर नवीन ठिकाणी स्कॉलरशिप मिळत नसे.

मी त्याला विचारलं, "मग त्या कोचलाही एक वर्ष बसावं लागलं का रे?" तो हसला. म्हणाला, "नो मॅडम, ही गॉट अ रेज."

त्या दिवसापासून मी या विषयाचं वाचायला लागले.

इतिहास थोडक्यात सांगते. १९०५ च्या सुमाराला या खेळात मुलं मरत होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना बोलावून कान टोचले आणि त्यातून १९०६ साली जी संस्था निघाली तीच पुढे एनसीएए झाली. म्हणजे नियमांचा जन्म मुलांचा जीव वाचवण्यासाठी झाला. पुढे खेळाची लोकप्रियता वाढली, पैसा आला. १९५५ मध्ये कोलरॅडोमधल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू मैदानावरच्या दुखापतीने गेला. त्याच्या विधवा पत्नीने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण तो कामगार नव्हता! आपण सहज वापरतो तो 'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द याच काळात, अशा दाव्यांच्या भीतीने रूढ केला गेला. हे मी म्हणत नाही. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात ते लिहिलं आहे. आयुष्यभर ती व्यवस्था उभी केली आणि निवृत्तीनंतर तिच्यावरच टीका केली.

१९८४ साली सुप्रीम कोर्टाने टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि पैशाचा पूर आला. मिशिगनच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात, तिकिटं खपतात, जर्सी खपतात. कोचचे पगार गगनाला भिडले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सस ए अँड एमने आपल्या कोचला मुदतीआधी काढलं, तेव्हा करारापोटी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर्स देणं लागत होतं. न शिकवण्याचे! आणि पोराला? फी, राहणं, जेवण, पुस्तकं.

मग २०२१ उजाडलं. जूनमध्ये ऑलस्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला. शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालता येणार नाही, असं ठरलं. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांतून पैसे मिळवायची मोकळीक मिळाली. ट्रान्सफर पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरमध्येच सुरू झालं होतं. तिथे नाव नोंदवलं की ना-हरकत दाखल्याची कटकट संपली. २०२१ मध्ये एका बदलीपुरतं वर्षभर बसणंही रद्द झालं, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असेल त्याने कितीही वेळा जावं. त्यावर कळस म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेली हाऊस खटल्याची तडजोड. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर्स, आणि विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्स होती.

आमचे 'हे' म्हणाले, "बघ, पैसा आला आणि खेळाचं वाटोळं झालं. दरवर्षी नवीन टीम. कोणाची नावं पाठ करायची?" मी म्हटलं, "तुमच्या पाठांतरासाठी त्या पोरांनी फुकट खेळायचं का?" असो. घरातला वाद घरात!

पण खरं सांगू का, माझंही मत तेव्हा असंच सोपं होतं. बेड्या तुटल्या, बरं झालं. जो बरो ओहायो स्टेटहून एलएसयूला गेला आणि २०१९ ची हाइझमन ट्रॉफी घेऊन बसला. फर्नांडो मेंडोझाने कॅलहून इंडियानाला जाऊन २०२५ ची पटकावली. बदलीने माणसाचं भलं होतं, हे नोकरीसाठी सात समुद्र ओलांडून आलेल्या आपल्याला कोणी सांगायला नको.

मग धाकटा भेटला. २०२४ मधली गोष्ट. हुशार, गोड बोलणारा, हातात सतत फोन. चार वर्षांत आमचं त्याचं तिसरं विद्यापीठ. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, हा कोर्स मी दोनदा केलाय." खोटं नव्हतं. प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम निराळा. इथले क्रेडिट तिथे गेले तरी हव्या त्या विषयात धरले जात नाहीत. एनसीएएचा नियम सांगतो, दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. ती टक्केवारी गाठायला मग मेजर बदलायचं. ज्यात क्रेडिट बसतील त्यात बसायचं. इंजिनिअरिंग करायला निघालेला हा मुलगा, आता त्याच्या मेजरचं नाव त्यालाच पटकन आठवत नव्हतं.

एका संध्याकाळी त्याने स्टॅटिस्टिक्सच्या वहीऐवजी आयआरएसचं पत्र काढलं. मिळालेल्या पैशांतून टॅक्स कापलेला नसतो, तो आपला आपण भरायचा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एजंटने आपला वाटा आधीच घेतला होता. उरलेल्यातले पैसे आईच्या घरभाड्याला गेले होते. कबूल केलेली शेवटची रक्कम आलीच नव्हती, आणि करार मागितला तर म्हणाला, फोनवर बोलणं झालं होतं. वय वर्षं एकवीस! मी त्याला ओळखीच्या अकाउंटंटकडे पाठवलं. पुढच्या जानेवारीत तो पोर्टलमधून निघून गेला. 'थँक यू मॅडम' असा मेसेज आला, तोही विमानतळावरून.

मंडळी, थोरल्याला बांधून ठेवलं होतं, धाकट्याला मोकळं सोडलं. दोघांच्याही हातात डिग्री नव्हती. म्हणून 'नियम हवेत की नकोत' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नियम हवेतच. पण आजवरच्या नियमांनी एकच हात बांधला. आताही बदल्या आवरा, पैसे आवरा म्हणून वॉशिंग्टनपर्यंत धावाधाव झाली, २०२५ च्या जुलैमध्ये अध्यक्षांचा आदेशही निघाला. पण त्यात पुन्हा आवरायचं कोणाला? पोरालाच.

एनएफएलमध्ये पगारावर मर्यादा आहे, बदल्यांवर बंधनं आहेत, आणि ती कोर्टात टिकतात. कारण ती खेळाडूंच्या युनियनबरोबर बसून ठरवलेली आहेत. कॉलेजच्या मुलांना कामगार मानत नाहीत, म्हणून युनियन नाही, आणि म्हणून प्रत्येक नियमावर नवा खटला. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये प्रयत्न केला. पुढच्या वर्षी कामगार मंडळाने त्यात पडायचंच नाकारलं.

मला वाटतं, करार दोन वर्षांचा हवा तर जरूर करा, पण तो कागदावर असू दे आणि दोन्ही बाजूंना लागू असू दे. कोच गेला तर मुलालाही जायची मुभा. ज्या विद्यापीठाने मुलगा घेतला त्याने त्याच्या क्रेडिटचा हिशेब आधी लिहून द्यावा, सही नंतर. आणि नियम करणाऱ्यांच्या टेबलावर खेळाडूंना खुर्ची हवी. थोरला मावेल एवढी मोठी!

आपल्यातली मुलंही आता टेनिस, गोल्फ, पोहणं यांत कॉलेजपर्यंत पोचतात. त्यांच्या आईवडिलांना दोन गोष्टी सांगते. नवीन पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो, त्यामुळे त्या आशेवर घराचा हिशेब मांडू नका. आणि मूल एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असेल तर कुठल्याही करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. हौशीने केलेली जाहिरात व्हिसाच्या मुळावर यायला नको.

जाता जाता थोरल्याचं सांगते. त्याचा गुडघा गेला, खेळ संपला, तीन विषय राहिले. गोदामात नोकरी करत होता. खेळाडूंना राहिलेली डिग्री पुरी करायला मदत करायची एक योजना आमच्या विद्यापीठात आहे. आता डिव्हिजन वनमध्ये, पूर्ण स्कॉलरशिपवर खेळलेल्यांसाठी असा नियमच झाला आहे. त्या योजनेतून तो गेल्या वसंत सत्रात परत आला. माझ्याच वर्गात, शेवटच्या रांगेत. अजूनही खुर्चीत मावत नाही. बी प्लस मिळाला.

शेवटच्या दिवशी विचारलं, "आता पुढे?" म्हणाला, "मॅडम, हायस्कूलच्या मुलांना कोचिंग करणार. आणि पहिल्या दिवशी त्यांना विचारणार, तुमचं मेजर काय?"

मला फुटबॉल कळत नाही, पण हा प्रश्न बरोबर आहे एवढं कळतं.