सुभेदारसाहेबांचा वर्ग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विषयाला हात घालण्यापूर्वी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. या संस्थेतील आम्ही तीन डॉक्टर वडीलधाऱ्या मंडळींसाठी मधुमेहावर व्याख्याने देत आलो. पडद्यावर स्वादुपिंडाची रंगीत चित्रे दाखविली, टाळ्याही मिळविल्या. पुढे एक आजी आमच्याकडे तपासणीस आल्या. रक्तातील साखर तीनशेच्या खाली उतरत नव्हती. आमच्या प्रत्येक व्याख्यानास त्या पहिल्या रांगेत बसत असत. "इन्शुलिन कसे घेता ते करून दाखवा," असे म्हणताच त्यांनी पेन पोटाला लावले, बटण दाबले आणि तत्क्षणी सुई बाहेर काढली. औषध साडीवर सांडले. वर्षभर एकाच जागी टोचल्याने तेथे गाठही झाली होती. बटण दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई आत ठेवावी, रोज जागा बदलावी, हे आम्ही सांगितले होते. करवून मात्र एकदाही घेतले नव्हते.

हा प्रसंग आम्ही कार्यकारिणीत सांगितला, तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक आवाज आला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही बयान केलेत. नमुना, नकल आणि अभ्यास राहून गेला."

बोलणारे होते आमचे सुभेदारसाहेब. महार रेजिमेंटमध्ये सव्वीस वर्षे सेवा, त्यातील बराच काळ शस्त्रप्रशिक्षणाचे उस्ताद म्हणून. भावाच्या अर्जावर ते सहकुटुंब या देशात आले. जयंतीला मोटारी लावून घेणे आणि ध्वजवंदनाच्या वेळी "सावधान" म्हणणे, एवढीच कामे आम्ही त्यांच्याकडे दिली होती. आमच्या सुशिक्षितपणाचा हाही एक नमुनाच!

बाहेरच्या जगानेही निराळे काही केले नाही. 'सुभेदार' या शब्दाचा अर्थ येथील मालकवर्गास कळेना. फौजी म्हटल्यावर रात्रीचा पहारा एवढेच त्यांना सुचे. एका गोदामाच्या फाटकावर ते बसू लागले. तेथे नव्या कामगारांस पहिल्या दिवशी तासभर चित्रफीत दाखवीत, कागदावर सही घेत आणि कामाला जुंपीत. एका तरुणाचा पाय मालवाहू गाडीखाली सापडला. त्याचीही सही कागदावर होती. सुभेदारसाहेबांना त्या रात्री घरी जाववेना. त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. विषय होता अध्यापन-आराखडा, ज्यास येथे इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात.

पाठ्यपुस्तकात पाच पायऱ्या होत्या: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. ही पद्धती 1975 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकन लष्करासाठी बसविली, हे वाचून ते वर्गातच हसले. आपल्या पलटणीच्या पाठात 'शुरू-शुरू का काम, दोहराई, पहुँच, उद्देश्य, भागों में बाँट' असे जे घोकले, त्याचेच भावंड त्यांना येथे भेटले होते. मग त्यांनी आपली नोकरीची माहिती नव्याने लिहिली. हुद्दे आणि पदके खाली गेली. किती जवानांचा वर्ग, किती आठवडे, शेवटी काय करता आले पाहिजे आणि ते कसे तपासले, हे वर आले. आज त्याच गोदामात नव्या कामगारांचे प्रशिक्षण ते आखतात.

एक गोष्ट मात्र त्यांना विसरावी लागली, आणि ती म्हणजे आवाज. जवान वर्ग सोडून जाऊ शकत नाही. प्रौढ कामगार जातो, आणि आपल्या आजी तर रुसून जातात. माल्कम नोल्स यांनी 1970 च्या आपल्या ग्रंथात प्रौढांचे शिक्षण त्यांच्या अनुभवावर उभे राहते असे प्रतिपादिले. सुभेदारसाहेबांनी ते आपल्या पत्नीकडून शिकल्याचे ते सांगतात.

बंधूभगिनींनो, फौजी आणि फळा यांचे नाते आपल्याला परके नसावे. सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद भूषविले. मुलांसाठी दिवसाची आणि प्रौढांसाठी रात्रीची शाळा, अशी त्या काळच्या लष्करात सोय होती. 1890 च्या दशकारंभी महारांची भरती बंद झाली, तेव्हा वेतनाबरोबर ही शाळाही गेली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावी महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत, पहिल्या महायुद्धातील अल्पकाळ वगळता, ते दार बंदच होते. बाबासाहेबांच्या घरी पहाटे उठवून अभ्यास घेणारे वडील होते एवढेच आपण मुलांस सांगतो. ते वडील पेशाने शिक्षक होते, हे सांगावयाचे राहून जाते.

सुभेदारसाहेबांनी आमचे व्याख्यान मोडून टाकले. उद्देश एकच ठेवला: तासाअखेर प्रत्येकाने पेन बिनचूक चालवून दाखवावे. चित्रे गेली. टेबलावर संत्री आली, कारण सुई टोचण्याचा सराव संत्र्यावर होतो. दुसऱ्या वर्गात साखर उतरल्यावर काय करावे ते घेतले: सत्तरच्या खाली गेल्यास पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा मोजणे. हेही त्यांनी कोणालाच वहीत लिहू दिले नाही. प्रत्येकाकडून चमच्याने साखर मोजून घेतली. आम्ही डॉक्टर कोपऱ्यात उभे होतो. तीन महिन्यांनी दुसरा आढावा घेतला, तेव्हा तिघांच्या हातून जुनी चूक पुन्हा होत होती. त्यांच्यासाठी वर्ग पुन्हा भरला. त्यांना कोणी नापास म्हटले नाही.

कार्यकारिणीपुढे आमची मागणी आहे की व्याख्यानमालेचा निधी यंदा या वर्गाकडे वळवावा, आणि मुलांच्या रविवारच्या शाळेचा आराखडाही सुभेदारसाहेबांकडून तपासून घ्यावा. काही सभासदांस पदवीधराऐवजी फौजी नको आहे. त्यांनी एकदा येऊन वर्ग पाहावा. येत्या रविवारी भोजनानंतर याच सभागृहात तो भरेल. येताना आपले पेन घेऊन यावे, संत्री संस्थेची. दहापर्यंतची मोजणी आता त्या आजीच करतात, तीही मोठ्या आवाजात.