पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर यांचा मेळ

देवणीच्या शिवारात रानडुकरे व हरणे यांच्यापासून सोयाबीन आणि तूर राखण्याकरिता जी सौर झटका मशीन बांधावर बसवली जाते, तिच्या 12 व्होल्टच्या बॅटरीचे आयुष्य पॅनेल व बॅटरी यांच्यामधील चार्ज कंट्रोलर नामक लहानशा पेटीवर अवलंबून असते, आणि तरीही खरेदीच्या वेळी तिचीच चौकशी सर्वांत कमी होते, ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते.

पॅनेलच्या पाठीवरील पट्टी प्रथम वाचावी. 100 वॅटच्या सामान्य पॅनेलवर शॉर्ट सर्किट प्रवाह सुमारे 6 अँपिअर लिहिलेला आढळतो. त्यात चतुर्थांशाची भर घातली की साडेसात होतात, म्हणून 10 अँपिअरचा कंट्रोलर रास्त ठरतो. परंतु छतावरचे 330 वॅटचे, सुमारे 37 व्होल्टवर चालणारे पॅनेल केवळ स्वस्त मिळाले म्हणून त्याच बॅटरीस साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने जोडले, तर विद्युतदाब बॅटरीच्या पातळीवर खेचला जाऊन जेमतेम 120 वॅट पदरात पडतात. तेथे जादा व्होल्टचे प्रवाहात रूपांतर करणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा, आणि तोही 30 अँपिअरचा. शिवाय थंडीत पॅनेलचा दाब वाढतो, यास्तव पौषातील गार सकाळ हिशेबात धरून कंट्रोलरच्या कमाल व्होल्टमर्यादेत पुरेशी सवड ठेवावी.

जोडणी करताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल.