बाळाचं वजन होतं, आईचं कोण करणार?

अंगावर पाजण्याबद्दल दोन तक्रारी आपल्याकडे हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "पाजून पाजून माझं अंग सुटलं." दुसरी म्हणते, "बाळानं मला पार वाळवून टाकलं." एकीला जाड व्हायची भीती, दुसरीला खंगायची. उपाय मात्र दोघी एकच काढतात, लवकर दूध तोडायचं. यात दुधाचा दोष किती, ते आज पाहू.

पोटात बाळ वाढत असतं तेव्हाच आईचं शरीर पुढच्या दुधासाठी चरबी साठवून ठेवतं. ती लगेच उतरत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. बाळ निव्वळ अंगावर असतं तेव्हा दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार होतं. ते काही फुकट होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलंय की पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने ५२०. म्हणजे रोजच्या जेवणावर जवळजवळ तीन भाकऱ्यांची जादा ताकद. थोडी साठवलेल्या चरबीतून येते, बाकीची ताटातून यायला हवी.

म्हणजे पाजल्यानं ताकद खर्च होते. मग अंग का सुटतं? तूप, गूळ, डिंकाचे लाडू रोजच्या रोज, आणि चालणं-फिरणं बंद. खर्चापेक्षा जमा जास्त झाली की शिल्लक वाढणारच. गटाचं खातं सांभाळणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको! लाडू खावा, पण सोबत भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं आणि भरपूर पाणीही हवं.

जास्त महिने पाजलं तर वजन जास्त उतरतं का? ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या सात लाखांहून जास्त बायकांची माहिती तपासली. जितकी बाळंतपणं जास्त तितकं वजन जास्त दिसलं. पण पाजण्याच्या दर सहा महिन्यांमागे, उंचीच्या मानानं वजन सुमारे एक टक्का कमी होतं. साठ किलोच्या बाईला हा फरक अर्ध्या किलोच्या थोडा वर. फरक लहान आहे, पण तो कमी होण्याच्या बाजूचा आहे. म्हणून कुणी वजन उतरवायला पाजू नये आणि वजन वाढेल म्हणून तोडूही नये.

आता दुसरी मैत्रीण. तिची गोष्ट जास्त काळजीची. आई अर्धपोटी असली तरी दूध सहसा आटत नाही, शरीर ते आईच्या अंगातून काढून बाळाला देतं. बाळ बाळसं धरतं, म्हणून सगळे खूश. आई खंगते, ते कुणाच्या नजरेत येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर बायकांमागे सुमारे १९ कमी वजनाच्या आणि २४ जादा वजनाच्या निघाल्या. एकाच गल्लीत दोन्ही असतात. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणारीला दूध तोडून काय मिळणार? तिला ताट वाढून हवं, तेही सगळ्यांच्या बरोबरीनं. सासूबाई, जाऊबाई ऐकत असतील तर हे त्यांच्यासाठीच आहे.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं अन्न सुरू करून दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा काळ आईची तब्येत टिकली पाहिजे.

म्हणून माझी प्रत्येक गटाला एक विनंती आहे. अंगणवाडीत बाळाचं वजन करायला न्याल, त्या दिवशी आईलाही काट्यावर उभं करा. आकडा तिच्याच वहीत लिहा, बैठकीत मोठ्यानं वाचू नका. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ४३ किलोच्या खाली असलं तर ते कमी. बाळंतपणाला बरेच महिने होऊनही ५८ च्या वर राहिलं तर चालणं वाढवा, गोड-तेलकट कमी करा. पण पाजत असताना उपास करून वजन उतरवू नका, हळूहळू उतरू द्या.

वजन दर महिन्याला घसरत असेल, दम लागत असेल, खोकला जात नसेल, किंवा वजन झपाट्यानं वाढून अंगावर सूज येत असेल, तर आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा. रक्त कमी आहे का, थायरॉईडचा त्रास आहे का, ते तपासून घ्या. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, ती मध्येच सोडू नका. अंगणवाडीतून आईच्या नावानं मिळणारा आहार आईच्याच पोटात जाऊ द्या.

पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते विचाराल, तेव्हा एवढंही विचारा: आपल्या गटात पाजणाऱ्या किती जणी आहेत, आणि या महिन्यात त्यांचं वजन झालं का?