माशाची वाढ आणि कालवणारे हात



चाकण-खेड-मावळ पट्ट्यात शेततळ्यात मासे सोडायचे ठरवले की कर्ज बचत गटाच्या नावावर चढते आणि राबतात बायका. मग मासा कशाने वाढतो आणि कशाने खुंटतो, हे बायकांनाच नको का कळायला?

आधी पाणी पाहू. माशाच्या रक्तात लिटरमागे साधारण ९ ते १० ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमहून कमी, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरते आणि क्षार झिरपून जातात. पाणी लघवीवाटे टाकायचे, क्षार कल्ल्यांनी ओढून घ्यायचे, हे काम रात्रंदिवस चालते. त्याचा खर्च खाल्लेल्या अन्नातून आधी भागतो. उरेल त्यावर मासा वाढतो. काही जाती मचूळ पाण्यात चांगल्या वाढतात, पण रोहू-कटला गोड्या पाण्याचे. तळ्यात मीठ टाकून ते वाढणार नाहीत.

पवना-इंद्रायणीचे पाणी शहराखालून घेतले, तर क्षारांबरोबर सांडपाणी आणि कारखान्यांची घाणही येते. प्राणवायू घटतो, माशावर ताण येतो. ताणाचे हार्मोन वाढले की भूक मरते. तेव्हा पेंड-कोंडा वाढवून उपयोग नाही, उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले, तर खाद्य थांबवा, पाण्यात हवा खेळवा.

आता बाहेरून दिलेले हार्मोन. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवली. ते बीज मिळवण्यासाठी होते, वाढीसाठी नव्हे. तिलापियाचे, म्हणजे उजनीकडच्या चिलापीचे, निराळे आहे. तिची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते, म्हणून लहान राहते. बाजाराला हे आईपण परवडत नाही! म्हणून अनेक देशांतल्या बीजकेंद्रांत पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन घातलेले खाद्य देतात आणि जवळजवळ सगळे नर बनवतात.

मासा बाजारात येतो तो काही महिन्यांनी. तोवर ते हार्मोन त्याच्या अंगातून निघून गेलेले असते. खाणाऱ्यांपेक्षा जास्त धोका आहे तो ती भुकटी खाद्यात कालवणाऱ्यांना. ती कातडीतून, श्वासातून शरीरात जाऊ शकते. बाई गरोदर असेल, तर पोटातल्या मुलीच्या लिंगविकासात बिघाड होऊ शकतो. हातमोजे आणि मुखपट्टी ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. गरोदर बाईला तर हे काम देताच कामा नये.

तेव्हा कर्जावर सही करण्याआधी विचारू या: पाणी कुठले, आणि ते तपासले का? बीज कोणत्या पद्धतीने तयार केले? आणि भुकटी कालवतो कोण? उत्तर मिळेपर्यंत सही नाही.